फिरतें घर आणि घरीं केलेली बॅटरी

घर सोडून प्रवासास निघावें, पण घराच्या सोयी मात्र बरोबर असाव्यात, ही इच्छा कांहीं आजची नव्हे. आमच्या जुन्नर तालुक्यांत तर ती दोन हजार वर्षांची जुनी आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेले व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाट चढून जुन्नरास येत. घाटमाथ्यावर राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि ज्यांत जकातीचीं नाणीं पडत असें सांगतात तो दगडी रांजणहि तेथेंच आहे. त्या तांड्यांची चूल, अंथरूण आणि दिवा हीं सारीं बैलांच्या पाठीवर चालत. पुढें नारायणगांवच्या तमाशाच्या फडांनीं तीच रीत मालमोटारींवर आणली. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडावा, वैशाखापर्यंत गांवोगांवच्या जत्रा कराव्या, आणि तंबू, पेट्या, भांडींकुंडीं असा सारा संसार गाडींतून फिरावा, हा त्यांचा परिपाठ. उजेडासाठीं पूर्वीं गॅसबत्त्या असत. त्यांच्या जागीं पुढें धडधडणारा जनरेटर आला.

आतां तेंच वारें पांढरपेशा कुटुंबांत शिरलें आहे. शासनानें २०१८ सालीं जुन्नरास पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलें. २०२१ सालीं राज्याचें कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण निघालें. शिवनेरी, लेण्याद्रि, ओझर, माळशेज, आणि शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत डिंभ्याचें धरण व त्यावरून जाणारी भीमाशंकरची वाट, अशी ही सारी भूमि निवासी मोटारीनें हिंडण्यास फार सोयीची. तरुण मुलें जुनी प्रवासी टेंपोगाडी विकत घेतात, तींत निजावयाच्या फळ्या, पाण्याची टांकी, लहानसा फ्रीज बसवितात, आणि मग घरांतील वडील माणसांपुढें येऊन म्हणतात, “बॅटरी मात्र विकत घ्यायची नाहीं, ती आम्ही घरींच करूं.” पैसा वडिलांच्या हातीं आणि ज्ञान मुलांच्या हातीं, अशी ही अवघड स्थिति असते. होय म्हणावें तर भीति वाटते. नाहीं म्हणावें तर मुलांच्या अंगचें कसब मारल्यासारखें होतें. त्या अडचणींत सांपडलेल्या वडील माणसांसाठीं हा लेख आहे.

आमच्या घरीं हा प्रसंग गेल्या वर्षीं आला. आम्हीं उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. विजेशीं आमचा परिचय मॅट्रिकच्या पुस्तकापुरताच. वडीलबंधूंनीं साफ नकार दिला होता, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, हिरमुसून बसला होता. तेव्हां आम्हीं मध्यें पडून एक अट घातली: जी वस्तु तूं करणार, ती आधीं आम्हांस शिकव, आम्हांस समजेल अशी ती सांगतां आली तरच पैसे मिळतील. दोन महिने रोज संध्याकाळीं ओसरीवर हा उलटा वर्ग भरला. त्यांत जें हातीं लागलें, तें येथें देत आहों.

लिथियमची कुळकथा

विजेचा साठा करण्याची विद्या जुनी आहे. व्होल्टानें १८०० सालीं पहिली विद्युत्माला रचली. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी केली. तिचीच सुधारलेली आवृत्ति आजहि मोटारींत आणि घरगुती इन्व्हर्टरखालीं दिसते. लिथियम हा सर्व धातूंत हलका. त्याचे आयन एका थरांतून निघून दुसऱ्या थरांत शिरतात आणि भरतांना परत येतात, या तत्त्वावरील बॅटरी जपानच्या सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणली. या विद्येचा पाया घातल्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं सत्त्याण्णव वर्षांचे होते. फिरत्या घरास सर्वांत योग्य असा जो लिथियम-लोह-फॉस्फेट हा पदार्थ, त्यावरील त्यांचा निबंध पाढी व नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आम्हां पेन्शनरांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

लिथियम हें एकच नांव असलें तरी त्याखालीं अनेक जातींच्या बॅटऱ्या येतात, आणि सारा घोटाळा येथेंच होतो. मोबाईल, लॅपटॉप आणि बऱ्याचशा विजेच्या स्कूटरी यांत निकेल वा कोबाल्ट असलेले सेल असतात. थोड्या वजनांत ते पुष्कळ शक्ति साठवितात. पण अतिशय तापले तर त्यांच्या पोटांतील पदार्थच प्राणवायु सोडूं लागतो, आणि मग बाहेरची हवा कोंडूनहि ती आग विझत नाहीं. २०२२ च्या मार्चमध्यें पुण्यांत लोहगांव येथें रस्त्याच्या कडेस उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तें दृश्य पुष्कळांनीं मोबाईलवर पाहिलें असेल. लोह-फॉस्फेटांत प्राणवायु फॉस्फरसाशीं घट्ट बांधलेला असतो; तो सहजासहजीं सुटत नाहीं. म्हणून हा सेल थोडा जड, पण स्वभावानें शांत. शांत म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. त्यांतील द्रव ज्वालाग्राही आहे, आणि दुखावलेला सेल पेट घेणारा वायु बाहेर टाकतो.

पुतण्याचा पहिला बेत असा होता कीं, मोडींत निघालेल्या स्कूटरींच्या बॅटऱ्या फोडून त्यांतले करंगळीहून जाड असे शेंकडों लहान सेल जमवावे व ते जोडून स्वस्तांत काम भागवावें. ओसरीवरचा पहिला निकाल या बेताविरुद्ध लागला. ज्या सेलानें आधींच्या जन्मीं किती ऊन, किती पाऊस आणि किती धक्के सोसले हें ठाऊक नाहीं, त्यावर वरून नवें वेष्टण चढविलें म्हणजे तो नवा होत नाहीं. शिवाय शेंकडों सेल म्हणजे त्याहून अधिक सांधे, आणि प्रत्येक सांधा हा दोषाला उघडें दार. स्कूटर अंगणांत उभी असते. ही पेटी तर ज्या खोलींत आजी आणि नातवंडें निजणार त्याच खोलींत राहावयाची. म्हणून ठरलें कीं, लोह-फॉस्फेटाचे, नवे, एकाच वेळीं तयार झालेले, निर्मात्याच्या चांचणीचा कागद बरोबर असलेले चार मोठे चौकोनी सेल घ्यावे.

किती शक्ति हवी?

कोणत्याहि खर्चाच्या आधीं अंदाजपत्रक हवें; तसेंच विजेचेंहि. पुतण्यानें पाटीवर मांडलेला हिशेब असा. पांच माणसांच्या कुटुंबास एका अहोरात्रांत लहान फ्रीजला सुमारें ४०० वॅट-तास. २० वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ३२०. ५ वॅटचे चार दिवे पांच तास लावले तर १००. सर्वांचे मोबाईल भरावयास ७५. आणि पाण्याचा लहान पंप पंधरा मिनिटें चालला तर १५. एकूण ९१० वॅट-तास.

आतां जमेची बाजू. लोह-फॉस्फेटाच्या एका सेलाचा दाब ३.२ व्होल्ट. असे चार सेल एकापुढें एक जोडले कीं १२.८ व्होल्ट होतात, आणि मोटारींतील बारा व्होल्टांचीं उपकरणें त्यावर चालतात. सेल १०० अँपिअर-तासांचे असले तर १२.८ गुणिले १०० म्हणजे १,२८० वॅट-तासांचा सांठा झाला. बॅटरी तळापर्यंत उपसूं नये. ऐंशी टक्के वापरली तर १,०२४ वॅट-तास मिळतात. खर्च ९१०, म्हणजे एक अहोरात्र निभावून थोडें शिल्लक राहतें. शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक शक्ति वरचेवर काढली तर ती लवकर मरते, म्हणून एवढ्याच कामासाठीं तशा दोन मोठ्या बॅटऱ्या लागतात आणि त्यांचें वजन पन्नास किलोंच्या वर जातें. लिथियमची पेटी सर्व सामानासह बारा किलोंच्या आसपास भरते, आणि भरणें-उपसणें असे दोन हजारांहून अधिक फेरे सोसते.

या हिशेबानें एक मोहहि आपोआप गळला. विजेची शेगडी १,८०० वॅट मागते. बारा व्होल्टांवर तिला दीडशे अँपिअरच्या वर प्रवाह लागेल. एवढा भार या लहान पेटीस झेपणारा नाहीं. तेव्हां चूल गॅसवरचीच राहूं द्यावी, आणि गॅसचें सिलिंडर व बॅटरी यांस एका कप्प्यांत शेजार देऊं नये.

चार सेलांचें एकत्र कुटुंब

एकापुढें एक जोडलेल्या सेलांतून एकच प्रवाह वाहतो. त्यांतील एक दुबळा असला तर तो सर्वांच्या आधीं रिकामा होतो, आणि बाकीचे तिघे त्याला तसाच पुढें ढकलीत राहतात. यांत तो कायमचा बिघडतो. भरतांना उलट घडतें: जो आधीं भरला त्याच्या पोटांत बाकीच्यांबरोबर आणखी कोंबलें जातें. सबंध पेटीची शक्ति अशा रीतीनें तिच्यांतल्या सर्वांत अशक्त सेलाएवढीच ठरते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें तत्त्व निराळें समजावून सांगावयास नको.

म्हणून चारहि सेल एका पातळीवर आणणें हें पहिलें काम. येथें आमचा संस्कृत स्थालीपुलाकन्याय उपयोगी पडत नाहीं. पातेल्यांतलें एक शीत दाबून सारा भात शिजला असें म्हणतां येतें. एक सेल मोजून चारहि सारखे असें म्हणतां येत नाहीं. प्रत्येकाची परीक्षा वेगळी. आणि नुसत्या व्होल्टमीटरवरहि भिस्त ठेवूं नये. कारण या जातीचा दाब मधल्या टप्प्यांत जवळजवळ स्थिर असतो. चाळीस टक्के भरलेला आणि सत्तर टक्के भरलेला सेल मीटरवर भाऊ-भाऊ दिसतात. फरक उघडा पडतो तो अगदीं भरत आल्यावर.

यावर उपाय असा. चारहि सेलांचीं धन टोकें एकत्र व ऋण टोकें एकत्र जोडावयाचीं, दाब नेमका ठरवितां येणारें यंत्र आधीं ३.६५ व्होल्टांवर आणून मग जोडावयाचें, आणि आंत जाणारा प्रवाह मावळत येईपर्यंत वाट पाहावयाची. यास धीर लागतो. चार सेल मिळून ४०० अँपिअर-तास होतात. ते निम्मे भरलेले आले असले, तर १० अँपिअरच्या यंत्रास उरलेलें निम्में भरावयास वीस तास लागतात. या वेळांत कोणीतरी जवळ असलेंच पाहिजे. आमच्याकडे रात्र झाली कीं यंत्र बंद, आणि सकाळीं स्नानानंतर पुन्हां सुरू, असा नियम होता. नंदादीपाप्रमाणें याला तेवत ठेवून निजावयाचें नाहीं.

जोडणी करतांना आणखी एक दक्षता. बारा व्होल्टांनीं झटका बसत नाहीं, म्हणून मुलें बेफिकीर असतात. पण लोखंडी पाना दोन टोकांवर आडवा पडला तर क्षणभर हजारों अँपिअरचा प्रवाह वाहतो. पाना लाल होतो आणि धातूच्या ठिणग्या उडतात. हातांत अंगठी असेल तर बोट भाजून निघतें. तेव्हां अंगठ्या, कडीं, बांगड्या, घड्याळ हीं काढून ठेवावीं. पान्यांच्या दांड्यांस चिकटपट्टी गुंडाळावी. डोळ्यांस चष्मा लावावा. सेलांची बाहेरची ॲल्युमिनियमची काया विजेपासून अलिप्त आहे असें धरून चालूं नये. दोन सेलांमध्यें विद्युद्रोधक पत्रा घालावाच.

राखणदार, फ्यूज आणि सांधे

सेल जुळले कीं त्यांवर एक नियामक बसवितात; बाजारांत त्यास बीएमएस म्हणतात. त्याच्या बारीक तारा प्रत्येक सेलावर पहारा ठेवतात. कोणताहि सेल ३.६५ व्होल्टांच्या वर गेला कीं तो भरणें थांबवितो. कोणताहि अडीच व्होल्टांच्या खालीं गेला कीं उपसणें थांबवितो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा उष्णता वाढली तरी दार लावतो. उष्णतामान शून्य अंशाखालीं असतांना हा सेल भरूं नये, कारण त्या वेळीं लिथियम आंत शिरण्याऐवजीं धातुरूपानें पृष्ठभागावर सांचूं लागतो. आमच्याकडील थंडींत हें भय नाहीं. पण हीच गाडी घेऊन हिमालयाची यात्रा करण्याचा बेत असेल तर चांगल्या नियामकांत ही सोय आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

नियामक हा राखणदार आहे, कारभारी नव्हे. रोजचें भरणें त्याच्या दारावर धडकेपर्यंत नेऊं नये. भरणी-यंत्र १४.२ ते १४.४ व्होल्टांच्या दरम्यान थांबेल असें लावावें, म्हणजे राखणदारास क्वचितच उठावें लागेल. शिवाय राखणदार हीहि शेवटीं एक इलेक्ट्रॉनिक वस्तु. ती बिघडून दार उघडेंच राहिलें तर? त्यासाठीं फ्यूज. तो धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेस कोणीच वाली नसतो. फ्यूज साधा कांचेचा चालत नाहीं. लिथियमच्या प्रवाहाचा लोंढा एवढा मोठा असतो कीं, साधा फ्यूज वितळला तरी मधल्या हवेंतून ठिणगीची कमान तशीच चालू राहूं शकते. टी-वर्गाचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंतचा लोंढा तोडतो, तोच घ्यावा. आमच्या पेटीस १२५ अँपिअरचा फ्यूज व ३५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आहे.

आतां सांधे. पुतण्यानें हें गणित आम्हांसच सोडवावयास लाविलें. सांध्याचा विरोध ओहमचा केवळ हजारावा भाग असला, आणि प्रवाह १०० अँपिअरचा असला, तर उष्णता किती? प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध: शंभर गुणिले शंभर, भागिले हजार, म्हणजे दहा वॅट. नखाएवढ्या जागेंत दहा वॅट! ढिला सांधा काय करील याची यावरून कल्पना यावी. उलट, स्क्रू अति आंवळला तर ॲल्युमिनियमचे आटे तुटतात. म्हणून निर्मात्यानें सांगितलेल्या जोरानेंच, मापाच्या पान्यानें आंवळावें. आमच्याकडील घाटांचे आणि धरणांकडे जाणारे रस्ते गाडीस बरेच हादरवितात. तेव्हां पहिल्या प्रवासानंतर व पुढें दर कांहीं महिन्यांनीं प्रत्येक सांधा पुन्हां पाहावा.

वहिनींचा प्रश्न

इतका अभ्यास झाल्यावर आम्हां पुरुषमंडळीस वाटूं लागलें होतें कीं विषय संपला. तेवढ्यांत वहिनींनीं आंतून विचारलें, “अरे, रात्रीं दिवे गेले तर तें बटण दाबायला खालीं कोणीं उतरायचें? आणि शेजारच्या उंसांत बिबट्या असला म्हणजे?”

पुतण्याच्या आराखड्यांत मुख्य बटण गाडीच्या मागील बाजूस, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यांत होतें. दुसऱ्या एखाद्या प्रांतांत तें चाललेंहि असतें. पण जुन्नर-आंबेगांवांत कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनीं ऊंस वाढला आणि उंसाबरोबर बिबटेहि वस्तीच्या अंगाशीं आले, हें येथील प्रत्येक घर जाणतें. माणिकडोहास बिबट्यांचें निवारा केंद्रच आहे. येथें रात्रींचा उजेड ही चैन नव्हे. आणि बॅटरीच्या दृष्टीनें पाहतां वहिनींचा प्रश्न अगदीं मर्माचा होता. कारण नियामक जेव्हां उपसणें बंद करतो तेव्हां तो पूर्वसूचना देत नाहीं. शिशाच्या बॅटरीवर दिवा हळूहळू मंदावतो. लिथियमवर तो शेवटपर्यंत लख्ख जळतो आणि एकाएकीं अंधार होतो.

त्या एका प्रश्नानें आराखड्यांत चार बदल झाले. मुख्य बटण आंत, निजल्या जागेवरून हात पोंचेल असें आलें. वीस टक्के शिल्लक राहिली कीं घंटा वाजेल अशी योजना झाली. सांठा कमी होतांच आधीं फ्रीज तुटावा आणि दिवे शेवटीं जावे, असे दोन वेगळे मार्ग केले. आणि या सर्वांशीं कांहींएक संबंध नसलेली एक स्वतंत्र विजेरी दाराजवळच्या खुंटीस लागली.

पेटी ठेवावयाची जागाहि तेव्हांच बदलली. ती मुलांच्या फळीखालीं जावयाची होती. ती चालकाच्या आसनामागें, पत्र्याच्या बंद पेटाऱ्यांत गेली, आणि सेलानें वायु सोडलाच तर तो खोलींत न येतां तळांतून बाहेर जावा म्हणून त्यास नळी जोडली. गाडीस निजल्यावरहि दोन वाटा मोकळ्या राहिल्या. घरांतील प्रत्येकास, लहान मुलांसहि, एक गोष्ट पढविली: गोडसर, औषधी असा अनोळखी वास आला, फुसफुस ऐकूं आली किंवा धूर दिसला तर पेटीकडे जावयाचें नाहीं, बाहेर पडून दूर व्हावयाचें आणि ११२ वर कळवावयाचें. कोरड्या भुकटीचा अग्निशामक भोंवतालची ज्वाळा मारतो, पण आंतून तापलेला सेल थंड करीत नाहीं. त्याला पुष्कळ पाणीच लागतें, आणि तें काम अग्निशमन दलाचें. बाहेर बिबट्या असेल हें भय त्या क्षणीं मनांत आणूं नये. आंतील धूर अधिक जवळचा असतो.

भरणें, ऊन आणि खोडदची दुर्बीण

बॅटरी भरण्याच्या वाटा तीन: घरची वीज, छपरावरील सौर फळी आणि गाडीचें इंजिन. यांपैकीं तिसरींत खोंच आहे. लिथियमचा अंतर्गत विरोध इतका कमी कीं, रिकामी पेटी इंजिनाच्या अल्टर्नेटरास सरळ जोडली तर ती त्यापासून जेवढें मिळेल तेवढें ओढते, आणि अल्टर्नेटर तापून जळूं शकतो. त्यासाठीं मध्यें प्रवाहास लगाम घालणारें डीसी-डीसी यंत्र हवें. आमचें ३० अँपिअरचें आहे. २०० वॅटची सौर फळी निरभ्र दिवशीं साधारण सहाशे वॅट-तास देते. पावसाळ्यांत माळशेजच्या धुक्यांत ती फारच थोडें देईल. तेव्हां त्या प्रवासाचा हिशेब फळीस सोडूनच करावा.

सेलांचा खरा शत्रु ऊन. वैशाखांत बंद गाडी उन्हांत उभी राहिली तर आंतील हवा पन्नास अंशांवर सहज जाते. भरलेला सेल अशा उकाड्यांत महिनोन् महिने ठेवला तर तो लवकर म्हातारा होतो. प्रवास नसेल तेव्हां गाडी सांवलींत आणि पेटी निम्मी भरलेली ठेवावी.

आणखी एक गोष्ट खास या भागाची. खोडद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या आहेत. आकाशगंगेच्या पलीकडून येणारे अत्यंत क्षीण रेडिओतरंग त्या टिपतात. स्वस्त इन्व्हर्टर आणि सौर नियामक आपल्या आंतील शीघ्र उघडझांपीमुळें रेडिओतरंगांचा कलकलाट करतात. तो घरच्या रेडिओवर खरखर म्हणून ऐकूं येतो. या परिसरांत मुक्काम असेल तर शक्य तेवढें सरळ बारा व्होल्टांवर चालवावें, इन्व्हर्टर बंद ठेवावा. शेजारीं कोणी इतकें लक्षपूर्वक ऐकत असतां आपण गोंगाट करूं नये, हा साधा शेजारधर्म आहे.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांत असलेल्या वर्णनाशीं विसंगत असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. निजावयाच्या फळ्या, टांकी, छपरावरील फळी यांनीं गाडीचा प्रकारच पालटतो. म्हणून कामास हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारावें. जुन्नर-आंबेगांवकरांस त्यासाठीं पिंपरी-चिंचवडला जावें लागतें. विमा कंपनीसहि बॅटरीची माहिती लेखी कळवावी. न कळविलेल्या वस्तूनें अपघात झाला तर भरपाईच्या वेळीं वाद उपस्थित होतो. आणि सेल निकामी झाले कीं ते भंगारवाल्यास किंवा कचऱ्यांत देऊं नयेत. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं ते परत घेऊन पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

वडील माणसांनीं काय विचारावें?

आमच्याकडे पेटी पुरी झाल्यावर ती लगेच गाडींत गेली नाहीं. महिनाभर ती अंगणांत, पत्र्याखालीं, भिंतीपासून दूर, रोज भरून रोज उपसली, आणि प्रत्येक सेलाचा दाब वहींत लिहिला. चारहि आंकडे बरोबरीनें चालतात हें वहीवरून दिसलें, तेव्हां वडीलबंधूंनीं स्वतः ती उचलून गाडींत ठेवावयास हात लावला. वीज त्यांना आजहि फारशी कळत नाहीं. पण वही वाचतां येते.

तेव्हां ज्यांच्यापुढें असा मुलगा, पुतण्या किंवा नातू येऊन उभा राहील, त्यांनीं हे प्रश्न विचारावे. सेल कोणत्या जातीचे, आणि नवे असल्याचा पुरावा काय? रोजचा खर्च किती आणि सांठा किती, तें कागदावर दाखव. चारहि सेल सारखे केले हें कशावरून? नियामक बिघडला तर पुढचा अडसर कोणता, आणि तो टोकापासून किती अंतरावर? मुख्य बटण कोठें? धूर झाला तर आजी कोणत्या दारानें बाहेर पडेल? किती दिवस घराबाहेर चालवून पाहणार?

यांचीं उत्तरें मुलानें अडखळत दिलीं तरी चालेल, पण त्याच्या स्वतःच्या शब्दांत आलीं पाहिजेत. तीं येत असतील तर पैसे खुशाल द्यावे. अशा कामांत हात, डोळे आणि गणित हीं तिन्ही एकत्र राबतात, तसें पुस्तकी शिक्षणांत क्वचित् घडतें. तीं येत नसतील तर त्याला रागें भरूं नये. या खेपेस तयार, प्रमाणित पेटी विकत आणावी, आणि उत्तरें शोधावयास त्याला आणखी एक वर्ष द्यावें. काटकसर करावयाचीच तर फळ्यांच्या लाकडांत करावी, पडद्यांच्या कापडांत करावी. सेल, नियामक आणि फ्यूज या तीन ठिकाणीं मात्र करूं नये. दिवसा ती गाडी वाहन असते, पण रात्रीं तिचें घर होतें, आणि घरांतलीं माणसें निजलेलीं असतात.